मग तो धातू गेला कुठे?

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही पाण्याच्या प्रदूषणाबद्दल बोलत होतो. चहाच्या सुट्टीत एक शिक्षिका आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, पाणी उकळलं की त्यातले जंतू मरतात, मग कारखान्याच्या पाण्यातलं शिसंही मरत असेल ना? मी 'नाही' म्हटलं, पण का नाही ते मला नीट सांगता आलं नाही."

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधायला लागलं की रसायनशास्त्राच्या मुळाशी जावं लागतं. उकळल्यावर जंतू मरतात, कारण जंतू ही एक रचना आहे आणि उष्णतेने ती मोडते. उष्टं-खरकटं किंवा मैला पाण्यात मिसळला तर जिवाणू हळूहळू त्याचं विघटन करतात. कीटकनाशकाचा गुंतागुंतीचा रेणूसुद्धा कधी ना कधी तुटतो. शिसं मात्र मूलद्रव्य आहे. रासायनिक क्रियेने ते मोडून त्याहून साधं काही बनत नाही. उलट, उकळताना पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि शिसं मागेच राहतं. म्हणजे उकळलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण किंचित वाढलेलंच असतं!

म्हणून जड धातूंच्या बाबतीत 'नष्ट केला' हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. धातू एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येतो, एवढंच. तेव्हा पाणी शुद्ध करण्याची कुठलीही पद्धत कोणी सांगितली, की आपण एक प्रश्न विचारायचा : मग तो धातू गेला कुठे? समुद्रातल्या तपकिरी शेवाळाने पाण्यातले धातू टिपण्याच्या पद्धतीवर आपल्याकडे आणि परदेशात पुष्कळ संशोधन झालं आहे. या लेखात आपण ती पद्धत याच प्रश्नाच्या कसोटीवर तपासून पाहू.

थोडंसं म्हणजे किती?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०१२ साली ठरवलेल्या मानकानुसार एक लीटर पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. या आकड्यांवरून काहीच डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून थोडं गणित करू. एक ग्रॅम शिसं म्हणजे १००० मिलिग्रॅम. त्याला ०.०१ ने भागलं की येतात १ लाख. म्हणजे केवळ एक ग्रॅम शिसं १ लाख लीटर स्वच्छ पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन पोचवतं. दहा हजार लीटरचे दहा टँकर, आणि त्यांना एक ग्रॅम शिसं!

मर्यादा इतकी कडक का, याचं उत्तर जपानमधल्या जिंझू नदीच्या खोऱ्यात मिळतं. नदीच्या वरच्या अंगाला जस्ताच्या खाणी होत्या. जस्ताच्या खनिजात कॅडमियम सोबतीला असतंच. ते नदीत उतरलं, नदीचं पाणी भाताच्या खाचरांत गेलं आणि तिथून भातात. वर्षानुवर्षं तो भात खाणाऱ्या लोकांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, मूत्रपिंडं निकामी होऊ लागली आणि हाडं ठिसूळ झाली. वेदना इतक्या असह्य, की रोगाचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. या रोगामागे कॅडमियम आहे हे जपान सरकारने १९६८ साली अधिकृतपणे मान्य केलं. खाणीतून निघालेला धातू नष्ट झाला नव्हता. तो फक्त दगडातून नदीत, नदीतून भातात आणि भातातून माणसाच्या शरीरात हलला होता.

चुना काय करतो, काय करत नाही

आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये इलेक्ट्रोप्लेटिंगचे, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवण्याचे, अनेक छोटे कारखाने असतात. मुलामा दिलेली वस्तू पाण्यात खळबळून धुतात. त्या धुवणात तांबं, निकेल, जस्त, क्रोमियम असे धातू उतरतात. ते काढण्याचा रुळलेला उपाय म्हणजे पाण्यात चुना मिसळणं. पाणी अल्कधर्मी झालं की धातूंची न विरघळणारी हायड्रॉक्साइडं तयार होतात आणि तळाशी गाळ बसतो.

पाण्यात धातू भरपूर असेल तेव्हा हा उपाय स्वस्त आणि चांगला आहे. पण धातूचं प्रमाण लीटरला काही मिलिग्रॅमवर आलं की चुन्याचा जोर ओसरतो. शिवाय प्रत्येक धातू वेगवेगळ्या सामूला (पीएचला) उत्तम साका धरतो. चार धातू एकत्र असले की सगळ्यांना एकदम खाली बसवणं अवघड जातं. आणि मग तो धातू गेला कुठे? गाळात. ओला, जड, अनेक धातूंची खिचडी झालेला हा गाळ जपून पुरावा लागतो.

शेवटचे काही मिलिग्रॅम काढण्यासाठी आयन-विनिमय करणारे कृत्रिम रेझीनचे मणी मिळतात. त्यांचं काम चोख असतं, पण छोट्या कारखानदाराला त्यांचा खर्च जड जातो. अशाच कामाचा एक नैसर्गिक पदार्थ समुद्राच्या खडकांवर वाढतो.

लाटांमध्ये टिकून राहण्याची युक्ती

पावसाळा संपल्यावर मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेलात, तर खडकांना चिकटलेलं तपकिरी शेवाळ दिसेल. त्याला पानांसारखे भाग असतात आणि ज्वारीच्या दाण्याएवढे हवेने भरलेले फुगे असतात. हे 'सरगॅसम'. शेजारीच पंख्यासारखं पसरलेलं 'पॅडिना' दिसेल. हिरवी, लाल आणि तपकिरी असे समुद्रशैवालांचे तीन मोठे गट. त्यातला आपल्या कामाचा गट तपकिरी.

लाटांचा मारा सहन करायचा तर शेवाळाला दोन गुण हवेत : तुटू नये एवढा चिवटपणा आणि वाकता यावं एवढी लवचीकता. तपकिरी शेवाळाला हे दोन्ही गुण मिळतात ते त्याच्या पेशीभित्तिकेतल्या अल्जिनेट या पदार्थामुळे. शेवाळाच्या कोरड्या वजनाचा मोठा हिस्सा, काही जातींत ४० टक्क्यांपर्यंत, अल्जिनेटच असतो. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी १८८१ साली तो प्रथम वेगळा केला. आज आइस्क्रीम दाट करायला, कापडावरच्या छपाईचे रंग घट्ट करायला आणि दाताचे डॉक्टर जबड्याचा साचा घेतात त्या लगद्यात अल्जिनेट वापरतात. आपल्या देशात तो तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या सरगॅसम आणि टर्बिनारिया या शेवाळांपासून काढला जातो.

अंड्यांचा ट्रे

अल्जिनेट हा बहुवारिक आहे, म्हणजे लहान घटकांची लांबलचक साखळी. तिच्यात दोनच प्रकारचे मणी असतात : मॅन्युरॉनिक आम्ल आणि गुलुरॉनिक आम्ल. प्रत्येक मण्यावर एकेक कार्बोक्झिल गट असतो. व्हिनेगरला आंबटपणा देणारा गट हाच. पाण्यात तो आपला हायड्रोजन आयन सोडून देतो आणि स्वतः ऋणप्रभारित होतो. शिसं, तांबं, कॅडमियम हे धातू पाण्यात दोन धनप्रभार असलेल्या आयनांच्या रूपात असतात. तेव्हा एका धातूआयनाला धरायला दोन कार्बोक्झिल गट लागतात.

आता यातली खरी गंमत. गुलुरॉनिक आम्लाचे मणी सलग आले, की साखळीला नागमोडी घड्या पडतात आणि ओळीने खळगे तयार होतात. अशा दोन साखळ्या समोरासमोर आल्या की खळग्यासमोर खळगा येतो आणि त्या पोकळीत धातूचा आयन नेमका बसतो. पुठ्ठ्याच्या दोन ट्रेंमध्ये अंडी बसावीत तसा. म्हणूनच १९७३ साली ग्रँट, मॉरिस, रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या या प्रारूपाला 'अंड्यांच्या खोक्याचं प्रारूप' असं नाव मिळालं. समुद्रात या खळग्यांमध्ये बहुतेक कॅल्शियम बसलेलं असतं. पण खळग्याला सगळे आयन सारखे प्रिय नसतात. नॉर्वेतले शास्त्रज्ञ हॉग यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिल्याप्रमाणे ही उतरंड साधारण अशी आहे : शिसं, तांबं, कॅडमियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि त्याखाली कोबाल्ट, निकेल, जस्त. शिसं आलं की कॅल्शियम जागा सोडतं. पाण्यात जेवढे धनप्रभार कमी होतात, साधारण तेवढेच कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम किंवा हायड्रोजनच्या रूपाने पाण्यात परत येतात. म्हणजे ही सरळसरळ आयनांची अदलाबदल आहे.

या सगळ्यात जीवनक्रिया कुठेच नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायला हवं. उन्हात वाळवलेलं, कुटलेलं, पूर्ण मेलेलं शेवाळसुद्धा धातू टिपतं. त्याला खाद्य लागत नाही, विषारी पाण्याने ते मरण्याचा प्रश्न नाही, आणि बहुतेक काम काही मिनिटांपासून तासाभरात उरकतं.

शेवाळ किती धातू टिपतं? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल व्होलेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर दीर्घकाळ काम केलं. १९९४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 'अ‍ॅस्कोफायलम' या तपकिरी शेवाळाने भरलेल्या नळीतून लीटरला १० मिलिग्रॅम कॅडमियम असलेलं पाणी सोडलं. बाहेर आलेल्या पाण्यात कॅडमियम उरलं होतं लीटरला ०.००१५ मिलिग्रॅम. वर दिलेल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या निम्मं! चांगल्या जातीचं एक ग्रॅम कोरडं शेवाळ ढोबळमानाने एक मिलिमोल धातू धरू शकतं, असा हिशेब लक्षात ठेवायला हरकत नाही. तांब्याच्या बाबतीत हे होतात ६३.५ मिलिग्रॅम आणि शिशाच्या बाबतीत सुमारे २०७ मिलिग्रॅम.

वर्गात करून पाहा

हे सगळं शाळेच्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतं. सोडियम अल्जिनेटची पूड प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळते.

१. एक ग्रॅम सोडियम अल्जिनेट ५० मिलिलीटर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात थोडं थोडं भुरभुरत ढवळा. एकदम टाकलंत तर गुठळ्या होतील. द्रावण रात्रभर ठेवा.

२. दुसऱ्या भांड्यात १०० मिलिलीटर पाण्यात दोन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवा. त्यात अल्जिनेटचं द्रावण ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. पडताक्षणी प्रत्येक थेंबाचा साबुदाण्यासारखा मणी होईल. सोडियमच्या जागी कॅल्शियम आलं आणि साखळ्या एकमेकींत अडकल्या, त्याची ही खूण. पंधरा मिनिटांनी मणी गाळून पाण्याने धुवा.

३. ऊर्ध्वपातित पाण्यात पाव ग्रॅम मोरचूद विरघळवून १०० मिलिलीटर फिकट निळं द्रावण करा. अशी दोन भांडी घ्या. एकात मणी टाका आणि दुसऱ्यात मण्यांच्या आकारमानाएवढं साधं पाणी घाला.

दुसरं भांडं कशासाठी, हे मुलांनाच विचारा. मण्यांमध्ये बरंच पाणी असतं. त्यामुळे निळा रंग नुसता पातळ होऊनही फिका दिसेल. ही शंका फेडायला दुसरं भांडं हवं. तासाभराने मणी निळे झालेले आणि भोवतालचं पाणी दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यापेक्षा फिकं झालेलं दिसेल. दोन्हींतलं थोडं थोडं पाणी परीक्षानळ्यांत घेऊन त्यात अमोनियाचं द्रावण जास्त प्रमाणात घातलंत, तर गडद निळ्या रंगावरून फरक आणखी स्पष्ट होईल.

४. आता निळे मणी धुऊन थोड्याशा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. आम्ल शिक्षकांनीच हाताळावं. हळूहळू मण्यांचा निळा रंग आम्लात उतरेल. हायड्रोजन आयनांची गर्दी झाली की ते कार्बोक्झिल गटांवर परत बसतात आणि तांब्याला बाहेर पडावं लागतं.

आता मुलांना विचारा, 'हे पाणी मोरीत ओतायचं का?' तांबं होतं मोरचुदात. तिथून मण्यांत गेलं, मण्यांतून आम्लात आलं. मोरीत ओतलं तर एवढा खटाटोप कशासाठी केला? प्रयोगातली सगळी निळी पाणी एका बाटलीत गोळा करा आणि त्यात घासून स्वच्छ केलेले लोखंडी खिळे टाका. बाटलीला बूच लावू नका, कारण आम्ल आणि लोखंड यांच्यातून हायड्रोजन वायू निघेल. काही वेळाने खिळ्यांवर तांबूस थर चढेल. हे आपलंच तांबं, पुन्हा धातूच्या रूपात! अमोनिया घातलेल्या परीक्षानळ्या मात्र या बाटलीत रिकाम्या करू नका, वेगळ्या ठेवा.

खरं मोल कशात आहे?

शेवाळाचं खरं मोल आपल्याला इथे कळतं. समजा, लीटरला १० मिलिग्रॅम तांबं असलेलं १००० लीटर धुवण आहे. त्यात एकूण तांबं १० ग्रॅम. शेवाळाची क्षमता निम्मी, म्हणजे ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच धरली, तरी सुमारे ३३० ग्रॅम शेवाळ पुरतं. नंतर ते शेवाळ तीन-चार लीटर आम्लाने धुतलं की तेच १० ग्रॅम तांबं तीन-चार लीटरमध्ये गोळा होतं. सुमारे तीनशे पट दाट. हजार लीटर पाण्यात विखुरलेल्या तांब्याचं काही करता येत नाही. तीन लीटरमधलं तांबं मात्र विजेच्या साहाय्याने परत मिळवता येतं. शेवाळ तांबं नाहीसं करत नाही. ते विखुरलेलं तांबं एकत्र आणतं आणि मागितलं की परत देतं. 'धातू गेला कुठे?' या प्रश्नाला 'या भांड्यात' असं उत्तर देता येणं, ही या पद्धतीची खरी जमेची बाजू आहे.

अडचणींची बाजू

कागदावरचं हे गणित प्रत्यक्षात इतकं सरळ उतरत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही पहिल्यांदा सरगॅसमचा कोरडा भुगा काचेच्या नळीत दाबून भरला आणि वरून पाणी सोडलं. भुगा फुगला, नळी चोंदली, आणि जे थोडं पाणी खाली आलं ते कोऱ्या चहासारखं तपकिरी. शेवाळातलं अल्जिनेट आणि इतर सेंद्रिय द्रव्यं विरघळून येत होती. धातू काढायला गेलो आणि पाण्यात दुसरंच काही घालून बसलो! शेवाळ आधी भिजवून, कॅल्शियम क्लोराइडने धुऊन, सैलसर भरायचं असतं हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

दुसरी अडचण उतरंडीतच लपलेली आहे. निकेल आणि जस्त कॅल्शियमच्या खालच्या पायरीवर आहेत. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर निकेलला जागाच मिळत नाही. सामूचंही तसंच. शिसं, तांबं, कॅडमियम यांच्यासाठी सामू ४ ते ५.५च्या आसपास असलेला चांगला. फार आम्लधर्मी पाण्यात हायड्रोजन आयनच जागा अडवून बसतात.

तिसरी अडचण प्रभाराची. क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात क्रोमियम असतं ते क्रोमेटच्या रूपात, म्हणजे ऋणप्रभारित. पाण्यातलं आर्सेनिकही बहुधा ऋणप्रभारित किंवा प्रभारहीन रूपातच असतं. ऋणप्रभारित कार्बोक्झिल गट त्यांना कसे धरणार? आम्लधर्मी पाण्यात शेवाळातली सेंद्रिय द्रव्यं क्रोमेटचं रूपांतर धनप्रभारित क्रोमियममध्ये करतात आणि मग ते टिपलं जातं. पण ती वेगळी, सावकाश चालणारी प्रक्रिया आहे. तेव्हा 'शेवाळ सगळे जड धातू काढतं' असं कोणी म्हटलं, तर कुठला धातू, कुठल्या रूपात आणि कशा पाण्यात, हे विचारायलाच हवं.

शेवाळाचे गुण जातीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतात, तर रेझीनचे मणी दरवेळी सारखेच निघतात. हजारो शोधनिबंध निघूनही ही पद्धत कारखान्यांमध्ये फारशी रुळली नाही, याचं हे एक मोठं कारण आहे. शिवाय किनाऱ्यावरचं जिवंत शेवाळ म्हणजे माशांच्या पिल्लांचा आणि असंख्य जीवांचा आसरा. पाणी शुद्ध करण्यासाठी खडक खरवडून काढणं हा उफराटा न्याय झाला. वाहून आलेलं शेवाळ वापरणं त्यापेक्षा बरं. २०११ सालापासून अटलांटिक महासागरात सरगॅसमची प्रचंड वाढ होऊ लागली. जून २०१८ मध्ये तिथल्या पट्ट्यात २ कोटी टनांहून जास्त शेवाळ होतं. कॅरिबियन किनाऱ्यांवर त्याचे ढीग कुजतात, म्हणून तिथे या उपयोगाचा विचार होतो आहे. पण या सरगॅसममध्ये आर्सेनिक बरंच आढळतं. शेवाळ समुद्रातूनही काही ना काही टिपतच असतं. तेव्हा ते खत किंवा चारा म्हणून वापरण्यापूर्वी तपासून घ्यावं लागतं.

आणि एक इशारा. शेवाळाचा भुगा घरच्या माठात घालून पाणी शुद्ध होईल, असा निष्कर्ष या लेखातून कृपया काढू नये. नळी कधी भरली आणि धातू कधी पलीकडे सुटू लागला, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावं लागतं.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. शिसं मरत नाही, कारण ते मोडत नाही. ते पाण्यातून बाहेर काढता येतं, पण मग ते कुठे तरी असतंच. चुना ते गाळात नेतो. शेवाळ ते आपल्या खळग्यांत धरून ठेवतं. जिंझूच्या खोऱ्यात माणसांनी ते कोणी विचारलंच नाही, तेव्हा धातू हाडांपर्यंत पोचला. तुमच्या गावाजवळ एखादा कारखाना असेल आणि तिथे पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा पाहायला मुलांना नेलंत, तर स्वच्छ पाण्याचा नळ पाहून परत येऊ नका. मुलांना विचारू द्या, मग तो धातू गेला कुठे?